न बोलणारा ‘के’



आमच्या वस्तीतील विहाराच्या वरच्या खोलीत आम्ही काही कार्यकर्ते गेली अकरा वर्षे संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. मी एका कार्यालयात लिपिक आहे. शिक्षण बी. कॉम., तेही रात्रीच्या कॉलेजात झालेले. मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नव्हे. पण अभ्यासिकेत गणित आणि इंग्रजी हे दोन विषय माझ्याकडे आहेत, कारण दुसरे कोणी घ्यायला तयार नव्हते! कामावरून सुटलो की डबा घरी टाकायचा, तोंडावर पाणी मारायचे आणि विहाराचा जिना चढायचा, असा रिवाज झाला आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. सातवीतला एक मुलगा उभा राहून इंग्रजीचा धडा वाचत होता. खेळताना कोणीतरी पडला आणि त्याच्या गुडघ्याला लागले, असे वाक्य होते. मुलगा ‘ही हर्ट हिज’ इथपर्यंत नीट आला. पुढचा शब्द होता के-एन-ई-ई. त्याने छापले होते तसे वाचले, ‘क्नी’. मागून कोणीतरी फिस्सकन हसले. त्याबरोबर सगळी खोली हसली. मी मान वर करून पाहिले. पहिला हसणारा माझाच मुलगा होता.

“के सायलेंट असतो. एवढंही येत नाही?” तो म्हणाला.

माझा मुलगा आठवीत, इंग्रजी माध्यमात आहे. फीचे हप्ते भरताना आम्हा नवरा-बायकोची कशी ओढाताण होते ते आमचे आम्हाला माहीत. तो मुलगा महापालिकेच्या शाळेतला. त्याने पुस्तक मिटले आणि खाली बसला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तो ‘क्नी’ म्हणणारा मुलगा मी पूर्वी पाहिलेला होता. तो मीच होतो.

१९९० साली मी पाचवीत होतो. त्या काळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. पहिलीपासूनचे इंग्रजी राज्यात २००० साली आले. वर्गात गुरुजींनी मला उभे केले आणि फळ्यावरचा शब्द वाचायला सांगितला. के-एन-आय-एफ-ई. मी मोठ्या आवाजात वाचले, ‘क्नाइफ’. गुरुजी स्वतः हसले, मग वर्गाला हसायला परवानगीच मिळाली. त्या दिवसापासून माझे नाव ‘कनाईफ’ पडले. मधल्या सुट्टीत कनाईफ, पाण्याच्या नळावर कनाईफ. दहावी होईपर्यंत मी इंग्रजीच्या तासाला कधी हात वर केला नाही. उत्तर येत असले तरी नाही.

घरी येऊन मी रडत बाबांना सांगितले. बाबांची गिरणी १९८२ च्या संपात गेली होती आणि ते बाजारात हमाली करत होते. त्यांना सहीपुरते मराठी येई, इंग्रजीचे एक अक्षर येत नसे. त्यांनी माझे पुस्तक हातात घेतले, त्या ‘के’वर बोट ठेवले आणि म्हणाले, “बोलत न्हाईत तर छापलंय कशाला? छापनारा काय येडा हाय व्हय? फुकट अक्षर कोन छापंल? कवातरी कुनीतरी बोलत असंल ते.”

मला वाटले, बाबा अडाणी आहेत, काहीतरी समजूत घालतात. बाबांचे म्हणणे खरे होते, हे कळायला मला दहा वर्षे लागली.

रात्रीच्या कॉलेजात असताना मी फाउंटनच्या फुटपाथवरून एक जुना, पुठ्ठा निघालेला इंग्रजी कोश घेतला. इंग्रजी सुधारायचे तर कोश पहिल्या पानापासून पाठ करावा, असा माझा भाबडा समज होता. ‘ए’च्या चौथ्या पानावरच मी थकलो. मग एक युक्ती सुचली. ज्या दोन-तीन अक्षरांनी आपल्याला लाज आणली, ती अक्षरेच धरायची. त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द एका वहीत उतरवायचे. पहिली अक्षरे अर्थातच के आणि एन!

नुसते पाठांतर करताना शब्द सुटे मण्यांसारखे घरंगळून जातात. सारख्या आरंभाचे शब्द एकत्र लिहिले की त्यांची माळ होते. एक आठवला की शेजारचा आठवतो. नाइफ, नी, नॉट, नॉक हे ओळखीचे शब्द आधी आले. त्यांच्या मागोमाग अनोळखी आले. नोल म्हणजे लहानशी गोलसर टेकडी. नेल म्हणजे कोणी मेल्यावर चर्चमध्ये वाजवतात त्या घंटेचा आवाज. नकल म्हणजे बोटाचा सांधा, ज्यावर मास्तर पट्टी मारतात तो. नीड म्हणजे कणीक मळणे. नॅपसॅक म्हणजे पाठीवरची पिशवी. नॅक म्हणजे एखाद्या कामातली हातोटी.

पुढे वाचनालयात बसून मी या ‘के’चा शोध घेतला, तेव्हा बाबांचे वाक्य आठवून अंगावर काटा आला. हा के खरोखर बोलला जात होता! जुन्या इंग्रजीत गुडघ्याला ‘क्नेओ’ म्हणत आणि चाकूला ‘क्नीफ’. कवी चॉसर १४०० साली वारला, त्याच्या काळी लोक हा के उच्चारत होते. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला आणि हळूहळू शब्दांचे लेखन ठरून गेले. पण लोकांची जीभ काही छापखान्याची वाट पाहत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस के जिभेवरून गळू लागला. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध कोश निघाला तोवर तो गप्प झाला होता. छापील अक्षर मात्र तिथेच राहिले. जर्मन लोक आजही गुडघ्याला ‘क्नी’च म्हणतात, के ठणठणीत उच्चारून. स्वीडनमध्ये चाकूला ‘क्नीव’ म्हणतात.

म्हणजे पाचवीतला मी मूर्ख नव्हतो. मला फक्त तीनशे वर्षे उशीर झाला होता!

हे सगळे मला माहीत होते. तरी माझ्याच घरात वाढलेला मुलगा दुसऱ्याच्या मुलाला हसला. मी त्याला इंग्रजी शाळेत घातले, पण ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. चूक त्याच्याइतकीच माझीही होती.

रविवारी सकाळी मी मुलाला बरोबर घेतले आणि त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई पोळी-भाजी केंद्रात कामाला जाते, ती निघण्याच्या घाईत होती. म्हणाली, “भाऊ, तो नकोच म्हणतो अभ्यासिका. शाळाही नको म्हणतो. त्याच्या मामाचं गॅरेज आहे, तिकडं जातो म्हणतो. मी तरी किती समजावू?”

एका न बोलणाऱ्या अक्षराने एक मूल शाळेबाहेर चालले होते. वाचकहो, आपल्या वस्त्यांतून शाळा सोडलेल्या मुलांची कारणे आपण गरिबी, व्यसन, आजारपण अशी लिहितो, आणि ती खरीच असतात. पण ‘वर्गात हसले’ हे कारण कोणत्या रकान्यात भरायचे?

मी मुलाला म्हणालो, “गॅरेजचं नंतर बघू. आज संध्याकाळी पत्ते खेळायला ये.” त्याने चमकून माझ्याकडे पाहिले. विहारातला काका पत्ते खेळायला बोलावतो म्हणजे काय! त्या कुतूहलानेच तो आला.

संध्याकाळी आठ-दहा मुले जमली. मी फळ्यावर के-एन लिहिले, वहीतले शब्द उतरवले आणि बाबांची गोष्ट सांगितली. कनाईफ हे माझे नाव सांगितल्यावर मुले पुन्हा हसली, पण या वेळी हसू निराळे होते. माझा मुलगा मात्र खाली बघत होता. हे त्यालाही नवीन होते.

मग विचारले, “ज्ञान हा शब्द कसा लिहितो?” मुलांनी सांगितले, ज्ञ. “त्यात कोणकोणती अक्षरे आहेत?” कोणालाच सांगता येईना. ज्ञ म्हणजे ज आणि ञ यांचे जोडाक्षर. पण आपण मराठीत ‘द्न्यान’ म्हणतो, हिंदीवाले ‘ग्यान’ म्हणतात, गुजराती ‘ग्नान’ म्हणतात. ज कुठे गेला? म्हणजे लिहायचे एक आणि बोलायचे दुसरे, हा खेळ आपल्याकडेही आहेच. पालीत तर हा ज सरळ गळून पडला आणि शब्द झाला ‘ञाण’. इंग्रजांनी ‘नो’ म्हणजे जाणणे या शब्दातला के गाळला, तसेच हे. गंमत अशी की हे सगळे एकाच घराण्यातले शब्द आहेत. जाणणे, ज्ञान, पाली ञाण आणि के-एन-ओ-डब्ल्यू ‘नो’, यांचे मूळ एकच, असे भाषाशास्त्र सांगते. के-एन-ई-ई ‘नी’ आणि संस्कृत ‘जानु’ म्हणजे गुडघा, हेही एकाच मुळाचे. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात त्याला आपण आजानुबाहू म्हणतो, तोच हा जानु.

“म्हणजे तू परवा अडलास तो शब्द परका नव्हता. आपल्याच गोतावळ्यातला होता,” मी त्या मुलाला म्हणालो.

तो हळूच फळ्याकडे बघत म्हणाला, “काका, नीड म्हणजे कणीक मळणे ना? माझी आई दिवसभर तेच करते.”

त्याच्या बोलण्याने माझ्याही लक्षात आले की ही यादी बहुतेक हातांचीच आहे. मळणे, विणणे, गाठ मारणे, चाकू, बोटांचे सांधे, दार ठोठावणे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली. पण हे के-एनचे शब्द त्या दरबारातून आलेले नाहीत. ते आधीपासून कष्टकऱ्यांच्या घरात आणि शेतात बोलले जात होते.

मग मी खिशातून पत्त्यांचा कॅट काढला आणि बदामचा गुलाम वर धरला. गुलामचोर हा खेळ आपल्या घराघरांत माहीत आहे. ज्याच्या हातात शेवटी जोडीविना गुलाम उरतो, तो चोर. इंग्रजीत या पत्त्याचे जुने नाव ‘नेव्ह’, के-एन-ए-व्ही-ई. शब्दकोशात त्याचा अर्थ लबाड, लुच्चा असा दिला आहे. पण मूळ अर्थ काय? नुसता मुलगा! पुढे तो घरकामाचा पोऱ्या झाला आणि त्याच्यापुढे बदमाश. पोऱ्या गरीब, म्हणून तो लबाड असणारच, असे वरच्या लोकांनी ठरवून टाकले आणि शब्दालाही तसे वळण लागले.

त्याच्याच शेजारचा शब्द ‘नाईट’, के-एन-आय-जी-एच-टी. बुद्धिबळातला आपला घोडा तो नाईट. याचाही मूळ अर्थ मुलगा, चाकर. पण हा चाकर राजाच्या पदरी घोड्यावर बसला, हातात तलवार आली, आणि शब्दाला मान चढला. आज इंग्लंडचा राजा ज्याला नाईट करतो त्याला ‘सर’ म्हणतात. जर्मन भाषेत याच शब्दाचा भाऊ ‘क्नेख्त’ हा अजून गडीमाणूसच राहिला आहे, आणि नेव्हचा भाऊ ‘क्नाबे’ अजून साधा मुलगाच आहे. दोन मुले एकाच पायरीवरून निघाली. एक सर झाला, दुसरा चोर ठरला. यात त्या मुलांचा गुण-दोष किती आणि नाव ठेवणाऱ्यांचा किती, हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको.

यादीतला एक शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. नॅकर. थकलेली, निकामी जनावरे, विशेषतः घोडी विकत घेऊन त्यांचे कातडे, हाडे, चरबी विकणारा माणूस तो नॅकर. त्यावरूनच अगदी दमलेल्या माणसाला इंग्लंडमध्ये ‘नॅकर्ड’ म्हणतात. आणि आयर्लंडमध्ये भटक्या ‘ट्रॅव्हलर’ समाजाला हिणवण्यासाठी हाच शब्द शिवी म्हणून वापरला जातो. हे सांगताना माझा आवाज जरा बसला. माझ्या आजोबांनी गावात मेलेली ढोरे ओढली. ते काम त्यांनी निवडले नव्हते, त्यांच्यावर लादले होते. आणि ज्यांनी लादले, तेच त्या कामावरून त्यांना हिणवत. मुले गप्प बसून ऐकत होती.

“गुलामाच्या पत्त्यावर इंग्रजी जे का असतं मग?” माझ्याच मुलाने विचारले. इतका वेळ तो बोललाच नव्हता.

त्याचेही उत्तर के-एनमध्येच आहे. एकोणिसाव्या शतकात पत्त्यांच्या कोपऱ्यात अक्षरे छापायला सुरुवात झाली. किंगसाठी के आणि नेव्हसाठी के-एन. हातात पत्ते पसरले की राजा कोण आणि गुलाम कोण, हेच ओळखू येईना! म्हणून नेव्हच्या जागी जॅक हे दुसरे नाव घेतले आणि जे छापू लागले. पण हे जॅक नाव खालच्या लोकांच्या तोंडचे मानले जाई. चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी १८६० ते १८६१ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यात पिप नावाचा, लोहाराच्या घरी वाढलेला पोरगा आहे. तो एका श्रीमंत घरी पत्ते खेळताना नेव्हला जॅक म्हणतो, आणि एस्टेला नावाची मुलगी त्यावरून त्याची टर उडवते. त्याच्या राकट हातांना आणि जाड बुटांनाही नावे ठेवते. तोवर पिपला आपल्या हातांची कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवसापासून वाटू लागली. इतकेच नव्हे, तर ज्या लोहाराने त्याला माया लावली, त्याचीही पुढे त्याला लाज वाटू लागली. एका शब्दावरच्या हसण्याने केवढे नुकसान केले पाहा!

“पण आज काय झालं?” मी मुलांना म्हणालो. “इंग्रजीत पत्ते खेळताना लोक जॅकच म्हणतात. एस्टेलाचा नेव्ह मागं पडला आणि लोहाराच्या पोराचा शब्द टिकला.”

त्यानंतर आम्ही खरोखरच गुलामचोरचा एक डाव खेळलो. शेवटी गुलाम माझ्या मुलाच्या हातात उरला. सगळे ओरडले, “चोर! चोर!” तो उठून त्या मुलाजवळ गेला आणि पत्ता त्याच्यापुढे धरून म्हणाला, “सॉरी यार. त्या दिवशी मी हसायला नको होतं.” तो मुलगा काही बोलला नाही. त्याने पत्ता घेतला आणि कॅटमध्ये ठेवला. पण सोमवारी तो अभ्यासिकेत आला.

सगळे ठीक झाले असे मी म्हणणार नाही. तो मुलगा आता आठवीत आहे आणि इंग्रजीत अजून कच्चा आहे. पण उभा राहून वाचतो, मोठ्याने वाचतो, आणि अडला तर “काका, यात कुठलं अक्षर गप्प आहे?” असे विचारतो. गॅरेजला तो सुट्टीत जातो, आणि त्यात काही कमीपणा नाही. तिथल्या डब्यांवरचे शब्द तो आता वहीत उतरवून आणतो.

पालकांना एक विनंती करतो. शंभर पानी एक वही घ्या. दर आठवड्याला दोन अक्षरे निवडा. ती कोशात शोधा आणि मुलांबरोबर तुम्हीही दहा शब्द लिहा, अर्थासह. के-एन झाले की डब्ल्यू-आर घ्या. राइट, रिस्ट, रॅप, रेक या शब्दांत डब्ल्यू गप्प आहे, आणि तोही एके काळी बोलत होता. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मागे सरू नका. माझ्या बाबांना एबीसीडी येत नव्हती, तरी खरा प्रश्न त्यांनीच विचारला. शब्द जमवण्याचे काम लहान नाही. बाबासाहेबांनीही एवढ्या कामाच्या रगाड्यात पाली शब्दांचा कोश तयार केला होता. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केला.

आणि ज्यांची मुले इंग्रजी शाळेत जातात, त्यांना माझ्यासकट एक सांगणे आहे. आपण पोटाला चिमटा घेऊन फी भरतो ती मुले पुढे जावीत म्हणून. शेजारच्या मुलाला हसावीत म्हणून नव्हे. घरात कोणी ‘क्नी’ म्हटले तर हसू नका. त्याला जवळ बसवा आणि या न बोलणाऱ्या ‘के’ची गोष्ट सांगा.

बाबा २००९ साली गेले. त्यांचे म्हणणे खरे होते, हे मी त्यांना वेळेवर सांगितले होते, एवढेच समाधान आहे. ऐकून ते म्हणाले होते, “मग? मी काय येडा हाय व्हय?”

जयभीम.